मुदत संपताच मोटर पुन्हा सुरू होते: ५५५ टायमर आणि रिलेच्या एका चिवट बिघाडाचा शोध

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी, काकांच्या, म्हणजे नानांच्या घरामागच्या बोअरवर एक अश्वशक्तीची सिंगल फेज सबमर्सिबल मोटर आहे. गच्चीवरची टाकी भरायला साधारण अठरा मिनिटे लागतात, आणि एवढा वेळ मोटरकडे लक्ष ठेवून बसायला कोणालाच सवड नसते. म्हणून चार वर्षांपूर्वी मी त्यांना ५५५ या आयसीवर (वेळ मोजायला वापरतात त्या छोट्या चिपवर) आधारलेला एक टायमर करून दिला. स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेले बटण दाबले की १२ व्होल्टचा छोटा रिले (विजेने चालणारा चुंबकीय स्विच) ओढला जातो, रिले स्टार्टरच्या पेटीतील कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलला २३० व्होल्ट देतो, आणि ठरलेली मुदत संपली की रिले सुटून मोटर थांबते. कागदावर यात बिघडण्यासारखे काही नव्हते. पहिले दोन महिने टायमर नीट चालला, आणि मग एका सकाळी नानांचा फोन आला: "मोटर बंद व्हयनी नि लगेच चालू व्हयनी."

तेव्हापासून दीड वर्ष हा बिघाड येत-जात राहिला. मी सुट्टीला गावी जात असे, आयसी बदलत असे, समोर दोन-तीन वेळा मोटर चालवून दाखवत असे आणि परत येत असे. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार येई. या काळात मी चार आयसी बदलल्या. पुढे त्या चारही घरी ब्रेडबोर्डवर लावून पाहिल्या, तर त्यातली एकही खराब नव्हती. १९७१ साली हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली आणि १९७२ पासून बाजारात असलेली ही आयसी विलक्षण काटक आहे. वायरिंग उलटे झाले नसेल तर ती सहसा मरत नाही. बिघाड आला की आधी आयसी बदलण्याची आपली सवय केवळ एवढ्यासाठी पडली आहे, की ती सॉकेटमध्ये बसलेली असते आणि चिमट्याने उपटता येते.

बिघाड नेमका कोणत्या क्षणी दिसतो, हे मी आधी विचारायला हवे होते. विचारल्यावर असे कळले की एकाच टायमरच्या नावावर तीन वेगवेगळ्या तक्रारी जमा झाल्या होत्या. मोटर थांबताच पुन्हा सुरू होणे ही पहिली, आणि तिला दिवस-रात्रीचे बंधन नव्हते. संध्याकाळी बटण दाबल्यावर पेटीतून टरटर आवाज येणे ही दुसरी. उन्हाळ्यात मोटर वेळेवर न थांबणे ही तिसरी. तिन्हींची कारणे वेगळी निघाली, आणि त्यातल्या एकाही कारणाचा आयसी खराब होण्याशी संबंध नव्हता.

पहिल्या तक्रारीवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. अठरा मिनिटांतून एकदाच घडणारी गोष्ट तपासायची तर दिवस पुरत नाही. त्यामुळे आधी मुदत लहान केली. या मांडणीत मुदत म्हणजे १.१ गुणिले रोध गुणिले धारकता. माझ्याकडे १ मेगाओहम आणि १००० मायक्रोफॅरड होते, म्हणजे ११०० सेकंद, अर्थात सुमारे १८ मिनिटे. १००० च्या जागी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की तीच मुदत ११ सेकंदांची होते. मोटरच्या तारा कॉन्टॅक्टरवरून सोडवून ठेवल्या, म्हणजे मोटरला झटके बसणार नाहीत, आणि फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल रिलेवर ठेवून वीस वेळा बटण दाबले. वीसपैकी सात वेळा रिले सुटल्याबरोबर पुन्हा ओढला गेला. मग कॉइल काढून तिच्या जागी ६० वॉटचा साधा बल्ब लावला. वीसपैकी एकदाही चूक झाली नाही. संशय कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्थिर झाला. शेवटी कॉइल परत जोडली आणि बटणाकडे जाणारी चार मीटरची वायर बोर्डावरून कापून, बोर्डाजवळच दोन तारा टेकवून ट्रिगर, म्हणजे मुदत सुरू करण्याचा इशारा दिला. या वेळी वीसपैकी दोनदाच चूक झाली. याचा अर्थ कॉइलचा उपद्रव बहुतांशी बटणाच्या वायरीवाटे आत येत होता आणि थोडासा दुसऱ्या वाटेने.

रिलेच्या स्वतःच्या कॉइलवर, ती सुटतानाचा उलटा झटका शोषणारा १एन४००७ डायोड होता आणि तो योग्य दिशेने, म्हणजे पांढरा पट्टा धन बाजूला ठेवून लावलेला होता. अनेकांची तपासणी इथेच थांबते, माझीही थांबली होती. पण तो डायोड फक्त १२ व्होल्टच्या कॉइलचा बंदोबस्त करतो. कॉन्टॅक्टरची कॉइल तिच्या कितीतरी पट मोठी असते. तिच्यातून प्रवाह वाहत असताना रिलेचा संपर्क तुटला, की तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा संपर्काच्या फटीत ठिणगी पाडते, व्होल्टेज क्षणभर शेकडो व्होल्टपर्यंत उसळते, आणि त्या ठिणगीचा तडतडाट आसपासच्या प्रत्येक वायरीत थोडाथोडा उमटतो. हे पाहायला ऑसिलोस्कोप लागत नाही. नानांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून पेटीपासून हातभर अंतरावर धरला; रिले सुटताना दर वेळी त्यात ठळक कडकड ऐकू आली, आणि बल्ब लावल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली.

ठिणगी तर कॉन्टॅक्टर ओढताना रिलेचा संपर्क थरथरल्यानेही पडते, मग तेव्हा काही का बिघडत नाही? याचे उत्तर ५५५ च्या आतल्या रचनेत आहे. २ क्रमांकाच्या पिनवरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेले, म्हणजे १२ व्होल्टवर ४ व्होल्टखाली गेले, की आतील फ्लिपफ्लॉप (दोनच स्थिती असलेले, स्विचसारखे सर्किट) वळतो आणि मुदत सुरू होते. एकदा मुदत चालू झाली की २ क्रमांकाच्या पिनवर क्षणभर आलेल्या कितीही ठिणग्यांनी फरक पडत नाही, कारण वळलेल्याला पुन्हा वळवता येत नाही. परंतु मुदत संपते, ३ क्रमांकाची आउटपुट पिन खाली येते, रिले सुटतो आणि त्यानंतर काही मिलिसेकंदांनी ठिणगी पडते; त्या वेळी आयसी नव्या ट्रिगरला मोकळी झालेली असते. तिच्या दृष्टीने कोणीतरी बटण दाबलेले असते.

आता उपायांकडे. उपद्रव जिथे जन्मतो तिथेच तो मारणे हा पहिला आणि खरा उपाय. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम, अर्ध्या वॉटचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडावा. कपॅसिटरच्या अंगावर 'एक्स-टू' आणि २७५ व्होल्ट एसी असे छापलेले असले पाहिजे. ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला तपकिरी कपॅसिटर इथे चालवू नये, कारण तो मेन्सवर दिवसरात्र टिकेल याची हमी त्याचा निर्मातासुद्धा देत नाही. ही जोडी रिलेच्या संपर्कावर लावण्याचा सल्लाही दिला जातो, पण तसे केल्यास संपर्क उघडा असतानाही तिच्यातून सुमारे ७ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहत राहतो. लहान कॉइल तेवढ्यावर गुणगुणत राहू शकते आणि सर्व्हिस करणाऱ्याला बंद सर्किटमध्ये चटका बसू शकतो. म्हणून जोडी कॉइलवरच लावावी. शेतातल्या तीन फेजच्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. तिथे हा २७५ व्होल्टचा कपॅसिटर तर चालणार नाहीच, पण शुगर क्यूब म्हणून मिळणाऱ्या या छोट्या रिलेवर २५० व्होल्टच छापलेले असतात, म्हणून ती कॉइल त्याच्या हवाली करूच नये.

ही जोडी लावल्यावर वीसपैकी वीस वेळा रिले सुटला तो सुटलाच. तरीही बोर्डाचे उणेपण दूर करणे बाकी होते. माझ्या बोर्डावर २ क्रमांकाच्या पिनला १०० किलोओहमने वर ओढले होते, आणि बटणाची लांब वायर मेन्सच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून गेली होती. ५५५ ला त्रास देण्यासाठी मुद्दाम मांडणी केली असती तर ती याहून निराळी झाली नसती. रोध ४.७ किलोओहमचा केला, पिनपासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि बटणाच्या वायरीत ४७० ओहमचा रोध घातला, म्हणजे बाहेरून आलेली लहर पिनपर्यंत पोहोचण्याआधीच बोथट होते. ५ क्रमांकाची पिन मोकळी सोडली होती, तिला १० नॅनोफॅरड दिला. ४ क्रमांकाची रीसेट पिन थेट धन पुरवठ्याला जोडलेली आहे याची खात्री केली. ८ आणि १ या पिनांच्या अगदी मुळाशी १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड ही जोडी लावली. जुन्या द्विध्रुवी ५५५ मध्ये आउटपुट बदलताना आयसी स्वतःच पुरवठ्यातून क्षणभर मोठा प्रवाह ओढते, आणि बटणाची वायर कापूनही जे दोन चुकीचे ट्रिगर उरले होते त्यांची वाट बहुधा हीच होती. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरपासूनची ग्राउंडची वायर आयसीच्या ग्राउंडवरून न नेता सरळ फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकाला नेली. हे सर्व केल्यावर कॉइलवरची जोडी मुद्दाम काढून पाहिली, तेव्हाही वीसपैकी एकदाच चूक झाली. अर्थात जोडी परत लावली.

मोटर लगेच पुन्हा सुरू होण्याला मी एवढे महत्त्व का देतो, तर बोअरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा गळका असेल, तर मोटर थांबताच पाइपातले पाणी खाली कोसळते आणि पंखे उलटे फिरवते. नेमक्या त्याच क्षणी मोटरला पुन्हा वीज मिळणे हा शाफ्टला आणि वाइंडिंगला मोठा दणका असतो. टायमरचा खर्च तीनशे रुपये होता. मोटर वर काढून रिवाइंड करायचे म्हटले की हिशेब हजारांत जातो.

संध्याकाळच्या टरटरीचे कारण त्या मानाने पटकन सापडले. गावातल्या डीपीवर (वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी लोड वाढतो आणि घरातले व्होल्टेज १७० पर्यंत उतरते. टायमरच्या १२ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून तेव्हा जेमतेम ८.९ व्होल्ट बाहेर पडतात. एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर शिखर सुमारे ११ व्होल्ट भरते, आणि स्थिर १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ या रेग्युलेटरला नीट काम करायला १४ च्या आसपास लागतात. मला वाटले रिलेच फडफडतो आहे. रिलेच्या कॉइलवर एक एलईडी आणि १ किलोओहम लावून पाहिले तर एलईडी स्थिर होता. १२ व्होल्टचा रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात, पण एकदा ओढल्यावर तो पुष्कळ कमी व्होल्टेजवरही धरून राहतो. फडफडत होता तो कॉन्टॅक्टर. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे १७० चे व्होल्टेज आणखी खाली बसते, कॉन्टॅक्टर सुटतो, लोड गेल्याने व्होल्टेज वर येते, कॉन्टॅक्टर पुन्हा ओढतो. टायमर यात पूर्ण निर्दोष आहे आणि टायमरमध्ये काहीही बदलून हे थांबणार नाही. १७० व्होल्टवर मोटर चालवूच नये, हेच उत्तर. पेटीवर व्होल्टमीटर बसवला आणि २०० च्या खाली काटा असेल तर बटण दाबायचे नाही असे घरात ठरवले.

तिसरी तक्रार मात्र मला स्वतःला खजील करणारी होती. हिवाळ्यात १८ मिनिटांनी थांबणारी मोटर एप्रिलमध्ये २२ मिनिटे चालू लागली, मे महिन्यात २६, आणि एका दुपारी थांबलीच नाही. टाकी भरून वाहिली, शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या बिबड्यांपर्यंत (ज्वारीच्या पापडांपर्यंत) पाणी गेले, आणि माझ्या टायमरबद्दल गल्लीत जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. ही पत्र्याची पेटी पश्चिमेच्या भिंतीवर होती, तिला दुपारी हात लावता येत नसे.

दोष १००० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा होता, जो मी जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून काढून वापरला होता. प्रत्येक इलेक्ट्रोलिटिक थोडा गळतो, म्हणजे भरताना त्यातून थोडा प्रवाह निसटत राहतो, आणि उष्णतेबरोबर व वयाबरोबर ही गळती वाढते. मुदत संपण्यासाठी ६ क्रमांकाच्या पिनवर पुरवठ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ८ व्होल्ट यावे लागतात. तिथपर्यंत पोहोचताना १ मेगाओहममधून उरलेल्या ४ व्होल्टच्या दाबाने फक्त ४ मायक्रोॲम्पिअर प्रवाह येत असतो. गळती तेवढी झाली की आवक आणि जावक सारखी होते, व्होल्टेज ८ च्या अलीकडेच अडकते आणि मुदत कधीच संपत नाही. मल्टिमीटर लावला तेव्हा आकडा ७.३ व्होल्टवर येऊन तासभर तिथेच राहिला. इथे एक सावधगिरी हवी: १० मेगाओहमचा डिजिटल मीटर स्वतःच त्या बिंदूवरून ०.७ मायक्रोॲम्पिअर पितो, त्यामुळे मीटर लावून ठेवून मुदत मोजली तर ती लांबलेलीच दिसेल. मीटर शेवटी, क्षणभरच टेकवावा. पावसाळाभर न वापरलेला टायमर पहिल्याच दिवशी जास्त वेळ घेतो आणि मग सुधारतो, त्याचेही कारण हेच. बराच काळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकची गळती पहिल्या चार्जिंगला अधिक असते.

नवा, कमी गळतीचा कपॅसिटर लावून हा प्रश्न पुढे ढकलता येतो, सुटत नाही. माझे मत असे झाले आहे की पाच मिनिटांपेक्षा मोठ्या मुदतीसाठी ५५५ आणि इलेक्ट्रोलिटिक ही जोडी वापरूच नये. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सीडी ४०६० ही आयसी आणली. तिच्यात ऑसिलेटर आणि १४ टप्प्यांचा मोजणीयंत्र एकत्र असल्याने लहान आवर्तने मोजून मोठी मुदत मिळवता येते, आणि ०.४७ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर पुरतो, जो उन्हात गळत नाही. ९ क्रमांकाच्या पिनला हा कपॅसिटर, १० ला १०० किलोओहम आणि ५० किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने कमी-जास्त करता येणारा रोध), ११ ला १ मेगाओहम, आणि तिघांची दुसरी टोके एकत्र. एका आवर्तनाचा काळ २.३ गुणिले रोध गुणिले धारकता असतो. प्रीसेटने रोध सुमारे १३६ किलोओहमवर आणला की तो ०.१४६५ सेकंद होतो. ३ क्रमांकाची पिन ८१९२ आवर्तनांनंतर वर जाते, म्हणजे बरोबर वीस मिनिटांनी. प्रीसेट लावण्यासाठी दर वेळी वीस मिनिटे थांबण्याची गरज नाही. ७ क्रमांकाच्या पिनवर १० किलोओहममधून एलईडी लावावा. तो दर १६ आवर्तनांना एकदा लुकलुकतो, आणि दहा लुकलुकी २३.४ सेकंदांत झाल्या की मुदत जुळली.

रिले चालवायला ३ क्रमांकाच्या पिनपासून १० किलोओहममधून बीसी ५५७ ट्रान्झिस्टर लावला, जेणेकरून पिन खाली असताना रिले ओढलेला राहतो. रिलेचा संपर्क आता सुरू करण्याच्या हिरव्या बटणाला समांतर आहे, आणि त्याच्यापुढे कॉन्टॅक्टरची कॉइल आणि टायमरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही जोडलेले आहेत. स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला ही होल्डिंगची रीत ठाऊक असते. बटण दाबले की टायमरला वीज मिळते, १२ क्रमांकाच्या रीसेट पिनवरील १ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहममुळे मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि मुदत संपून रिले सुटला की टायमर स्वतःचीच वीज तोडतो. ठिणगी पडो वा न पडो, बंद पडलेल्या सर्किटला कोणी ट्रिगर करू शकत नाही. बटणांच्या वायरीत आता २३० व्होल्ट असल्यामुळे ती वायर बदलून पाइपातून नेली आणि मालिकेत बंद करण्याचे एक लाल बटणही घातले. पेटी भिंतीवरून काढून उत्तरेच्या ओसरीत नेली.

नानांची एक मागणी अजून शिल्लक आहे. मोटर चालू असताना लाइट गेली तर ती परत आल्यावर मोटर आपोआप सुरू व्हावी, असे त्यांना वाटते. सध्या बटण पुन्हा दाबावे लागते आणि वीस मिनिटांची मोजणी नव्याने सुरू होते. मी त्यांना नकार दिला आहे. लाइट आली की गल्लीतल्या सगळ्या ऑटो मोटरी एकदमच ओढतात आणि व्होल्टमीटरचा काटा १६० वर बसतो, हे त्यांना ओसरीत उभे करून दाखवले. "मग पाच मिनिटांनी चालू होईल असे कर," असे ते म्हणाले. ते करता येईल, त्यासाठी दुसरी ४०६० लागेल. पण घरी कोणी नसताना बोअरचे पाणी तुटलेले असेल तर मोटर कोरडी चालेल, आणि पाण्याची पातळी ओळखणारे सर्किट आधी बसल्याशिवाय मी ते जोडणार नाही.